बढतीचे पत्र आणि घराचा उंबरठा

‘फादर, बायकांनाच बढती नको असते!’ नौपाड्यातील घरभेटींत हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता ते आम्हांस पाठ झाले आहे. बोलणारे गृहस्थ सज्जन असतात. त्यांच्या हाती चहाचा कप असतो आणि तो करून आणणारी, बँकेत वीस वर्षे नोकरी केलेली त्यांची पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असते. ती काहीच बोलत नाही. तिच्या त्या मौनाला आपण ‘नको’ असे नाव दिले आहे. आमचा आक्षेप आहे तो या नावाला.

सकाळी गोखले रोडवरून ठाणे स्टेशनाकडे निघालेली गर्दी पाहावी. बँका, विमा कचेऱ्या, शाळा, इस्पितळे ज्यांच्या कष्टांवर चालतात, त्या स्त्रिया तीत जागोजाग दिसतात. मात्र त्याच कचेऱ्यांत साहेबांच्या दारावरची पाटी वाचली, तर नाव बहुधा पुरुषाचे असते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. राज्याच्या मुख्य सचिवपदी पहिली स्त्री, श्रीमती सुजाता सौनिक, २०२४ साली आल्या. मध्ये ६४ वर्षे गेली. स्टेट बँकेचे मूळ १८०६ सालच्या बँक ऑफ कलकत्तामध्ये आहे. तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, श्रीमती अरुंधती भट्टाचार्य, २०१३ साली बसल्या. एवढ्या विलंबाचे कारण स्त्रियांची नावड, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही.

कारण आपल्या घरांत शोधले पाहिजे. बँकेत लिपिकाचा अधिकारी झाला की बहुधा बदली आलीच. बढतीचे पत्र पुरुषाच्या हाती पडले की घरात पेढे येतात. ‘दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे,’ असे सारे म्हणतात. तेच पत्र स्त्रीच्या हाती पडले की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. सासूबाईंचे औषधपाणी कोण पाहील? धाकट्याची दहावी आहे, तिचे काय? डबा कोण करील? हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु ते एकट्या तिलाच विचारले जातात, हा अन्याय आहे. रात्री जेवणाच्या टेबलावर नकार ठरतो, सकाळी ती त्यावर सही करते आणि कचेरीच्या दप्तरी तिने स्वेच्छेने बढती नाकारल्याची नोंद होते.

आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे स्मरण या प्रसंगी होते. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. स्वभावाने ते हेकट होते आणि पत्नीला त्यांनी कठोरपणेही वागवले, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही १८८३ साली याच गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीला सातासमुद्रापार अमेरिकेला एकटीने जाऊ दिले. १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली. १८८७ साली मृत्यूने तिला गाठले, म्हणून ते पद तिला भूषवता आले नाही. तेव्हाच्या समाजाची टीका सोसून जे घडले, ते आठवावे आणि मग आपल्याकडे पाहावे. आपल्याला तर पत्नीची नाशिकला झालेली बदलीदेखील सोसवत नाही!

‘ती असामान्य होती,’ असे उत्तर मिळेल. मग सातारच्या शेतकरी कुटुंबातील सुरेखा यादव यांचे काय? १९८६ साली रेल्वेत निवड होऊन त्या कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात शिकल्या, रेल्वेगाडीच्या चालक झाल्या आणि पुढे त्याच केंद्रात प्रशिक्षक म्हणून इतरांना शिकवू लागल्या. २०२३ साली त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली आणि २०२५ साली त्या निवृत्त झाल्या. संधी मिळाली आणि ती टिकली, एवढाच या असामान्यतेचा अर्थ आहे.

कायद्यानेही वाट करून दिली आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. पण गावात सरपंचबाईंच्या खुर्चीमागे पतिराज उभे राहिले आणि काही कंपन्यांनी मालकांच्या घरातल्याच स्त्रिया मंडळावर बसवल्या. खुर्ची कायद्याने मिळते. त्या खुर्चीवरून निर्णय घेण्याची मोकळीक मात्र घराने द्यावी लागते. स्टेट बँकेने श्रीमती भट्टाचार्य यांच्या कारकिर्दीत मुलांच्या वा वृद्धांच्या देखभालीसाठी स्त्री कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत रजा घेण्याची सोय केली. कचेरी दोन वर्षे देऊ शकते, तर मुलाच्या अभ्यासासाठी बाप रोजचा एक तास देऊ शकत नाही काय?

दोषाचा वाटा आमच्याही पदरी आहे. नीतिसूत्रे ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायातील गुणवंत पत्नीचा उतारा आपण विवाहविधीत ऐकतो. ही स्त्री शेत पारखून विकत घेते आणि आपला व्यापार किफायतीचा आहे हे जाणते. परंतु मिस्सामधील वाचनात नेमक्या त्याच ओळी गाळलेल्या आहेत! चाती मात्र तिच्या हाती राहिली आहे. आमचे वागणेही त्याच जातीचे. एके ठिकाणी असताना धर्मग्रामाच्या आर्थिक समितीसाठी आम्ही पाच नावे लिहिली, पाचही पुरुषांची. ज्या लेखापाल भगिनीने आमच्या हिशेबाच्या वह्या लावून दिल्या होत्या, तिचे नाव आम्हांस सुचलेदेखील नाही. २०२५ साली व्हॅटिकनच्या राज्यकारभाराची सूत्रे सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी यांच्या हाती सोपवली गेली. मग आमच्या समितीत एका भगिनीला जागा का नसावी?

आमचे मागणे मोठे नाही. पुढच्या वेळी घरात बढतीचे पत्र येईल तेव्हा पहिला प्रश्न ‘डबा कोण करील?’ असा न विचारता ‘रुजू कधी व्हायचे?’ असा विचारावा. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी मिळून शोधावीत. त्यानंतरही तिने नको म्हटले, तर तो नकार तिचा स्वतःचा असेल आणि त्याचा मान आम्हीही राखू. तोवर मात्र ‘बायकांनाच नको असते’ हे वाक्य आमच्यासमोर कोणी उच्चारू नये.