रात्री येत होते, पेपरात गेले कुठे?

सहामाही परीक्षा आटोपते, घरात चकलीची भाजणी दळून येते, आणि त्याच सुमारास ओळखीच्या आया मला जिन्यात गाठून एकच गाऱ्हाणे सांगतात. "अहो, रात्री घडाघडा म्हणून दाखवलं होतं हो यानं! मग पेपरात गेलं कुठं?" गाऱ्हाणे मुलाच्या देखतच चाललेले असते. नऊदहा वर्षांचा तो जीव चपलेशी चाळा करीत उभा असतो आणि आपण ढ आहोत, एवढे मात्र मनाशी पक्के करून घेतो. विसरलेला धडा पुन्हा शिकवता येईल. हा समज पुसायला वर्षे लागतात.

असे विसरणे म्हणजे आळस नव्हे आणि खोडीही नव्हे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, स्वतःचीच परीक्षा घेतली आणि १८८५ साली ते सारे प्रसिद्ध केले. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो आणि मग त्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. अर्थ असलेला मजकूर इतक्या भराभर निसटत नाही, हे खरे; पण निसटतो तोही.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक आईने ऐकावा असा आहे. कॉलेजच्या मुलांपैकी काहींनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी तो एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के! तुमच्या घरचे रात्रीचे 'घडाघडा' हे त्या पाच मिनिटांतले यश असते.

तेव्हा पुस्तक मिटा आणि विचारा. शिवचरित्राचा धडा घ्या. पुरंदरचा तह १६६५, आग्र्याहून सुटका १६६६, राज्याभिषेक १६७४. नुसते सन घोकायला लावले, की त्यांची अदलाबदल ठरलेलीच. त्याऐवजी भाजी निवडता निवडता म्हणावे, "काय रे, महाराज आग्र्याला गेले ते कशासाठी? त्याआधी काय झालं होतं?" मग तो आठवू लागतो. मिर्झाराजे जयसिंग चालून आले, पुरंदरला वेढा पडला, तह झाला, २३ किल्ले द्यावे लागले, आणि मग बादशहाची भेट. तह आधी की आग्रा आधी, हे मग वेगळे पाठ करावे लागत नाही.

तो अडला, की आपली जीभ शिवशिवते. ती आवरावी. मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत. तरीही आले नाही तर "मिर्झाराजे..." एवढाच धागा द्यावा, आणि तोही तुटला तर पुस्तक उघडून त्यालाच शोधू द्यावे. चुकलेले उत्तर मात्र तसेच सोडू नये. तेही पक्के बसते. हाच प्रश्न उद्या, मग तीनचार दिवसांनी, मग आठवड्याने. दर खेपेला दहा मिनिटे पुरेत. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण मात्र नको. झोप मोडली की स्मरणही मोडते.

आपल्याकडचा दिवेलागणीचा परवचा तरी वेगळा काय होता? पाढे, पावकी, निमकी; रोज थोडे, आणि पुस्तकाशिवाय. जुने ते सारे सोने, असे मी म्हणणार नाही. अर्थ न सांगता घोकून घेणे आणि छडी ही त्या काळची हौस गेली, ते बरेच झाले. पण न बघता म्हणण्याची ती खुबी आपण उगाच टाकून दिली.

आता सुट्टीत अंगणात, नाहीतर जिन्याखाली, किल्ला होईलच. मुले हळीव पेरीत असतील तेव्हा जवळ बसून विचारावे, हा गड कोणता? प्रतापगड म्हणाली, तर जावळीचे रान कुठे, खानाचा शामियाना कुठे उभारायचा? उत्तरे मातीत उमटतील.

मात्र फराळाला पाहुणे बसले असताना "बाळ, काकांना राज्याभिषेकाचा सन सांग बरं," असे फर्मान काढू नका. चारचौघांत अडलेले मूल सन आठवीत नसते, इथून सुटायचे कसे ते पाहत असते. त्याच्या हातावर दोन करंज्या ठेवाव्यात आणि त्याला किल्ल्याकडे जाऊ द्यावे.