नोंद चुकली, वाटा चुकला

२०११ च्या जनगणनेत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाखांच्या वर भरली. अन्नसुरक्षा कायद्यानुसार मध्य प्रदेशात स्वस्त धान्य किती जणांना द्यायचे, याची मर्यादा अजूनही त्याच जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर जबलपुरात जन्मलेली मुले आणि पोटासाठी आलेले मजूर त्या हिशेबाबाहेरच आहेत. महापालिकेतील अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही लोकसंख्येच्याच प्रमाणात ठरतात. म्हणून १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाच्या नव्या गणनेत प्रगणकाला दारातूनच परतवणारे कुटुंब आपल्याच प्रभागाचा वाटा घटवील. करवसुलीची किंवा चौकशीची धास्ती अनेकांना वाटते. पण १९४८ च्या जनगणना कायद्याने ही वैयक्तिक माहिती गोपनीय ठेवली असून, त्या कायद्याखालील खटले वगळता ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे घरोघरी सांगण्याचे काम मात्र नगरसेवकांनी आतापासूनच हाती घ्यायला हवे.