लंडनला जायचं तर आधी डबा की आधी शहर?



सध्या प्रत्येक फोनवर एकच जाहिरात फिरते आहे. बारा दिवसांत सात देश, शुद्ध जैन जेवण, सोबत आपला महाराज. आपल्या मंडळातल्या दोघी-तिघी जाऊन आल्या. काय पाहिलं म्हणून विचारलं तर पहिलं उत्तर आलं, "अगं, पॅरिसमध्ये गरम फुलके मिळाले!" फुलके गरम मिळाले याचा आनंद आहेच. पण फुलके तर आपण इथे रोजच खातो की.

माझं म्हणणं असं, की आपल्या बायकांची सहल डब्यापासून ठरते आणि डब्यापाशीच संपते. जेवणाचा प्रश्न खरा आहे, पण तो अर्ध्या दिवसात सुटतो. उरलेल्या दिवसांत काय पाहायचं हे आपण ठरवायला हवं, आणि ते टूरवाल्यावर किंवा मुलाच्या सवडीवर सोडू नये. सात देश बसच्या काचेतून बघण्यापेक्षा एक शहर पाच-सहा दिवस पायी, बोटीने, बसने बघा. मी लंडन सुचवते. पाट्या वाचता येतात, वेंबली भागात गुजराती दुकानं भरपूर आहेत, आणि शहराच्या मधोमध नदी असल्यामुळे रस्ता चुकला तरी दिशा सापडते. एक लक्षात ठेवा, युरोपचा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कधी जायचं. इथे आपला धर्मच आपल्याला बरोबर महिना सांगतो. चातुर्मास लागला की आपण लांबचा प्रवास टाळतो, म्हणजे त्याआधी, जूनमध्ये जावं. (मेच्या शेवटी तिथल्या शाळांना आठवडाभर सुटी असते, तेव्हा गर्दीही असते आणि दरही चढे.) जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनचा सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतर मावळतो. दोन घटका म्हणजे 48 मिनिटं आधी जेवण आटोपायचं म्हटलं तरी साडेआठपर्यंत वेळ आहे. मोठी संग्रहालयं पाच-पावणेसहाला बंद होतात. परत येऊन, हातपाय धुऊन, खिचडी टाकून निवांत जेवता येतं.

हेच डिसेंबरात, नाताळच्या रोषणाईसाठी गेलात, तर सूर्य चारच्या आत मावळतो. तीन वाजता कुठल्या तरी बाकावर थंडीत कुडकुडत डबा संपवायचा आणि नंतरचे सोळा तास काहीच नाही. रोषणाई सुंदर असेल, पण नेम असलेल्या बाईने त्या महिन्यात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर एक वाद नेहमी निघतो. काहीजणी म्हणतात, आपलं घड्याळ भारताचं ठेवावं आणि त्या हिशेबाने जेवावं. मला हे पटत नाही. नेम सूर्याचा आहे, घड्याळाचा नाही. अंधारात जीव दिसत नाहीत म्हणून तो नेम. जिथे आपण उभ्या आहोत तिथला सूर्य धरायचा. हेच घड्याळाचं प्रकरण बघायला ग्रिनिचला जरूर जा. वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून बोट मिळते. संसद भवन, सेंट पॉलचा घुमट, 1894 सालचा टॉवर ब्रिज, सगळं पाण्यावरून दिसतं आणि सुमारे तासाभरात ग्रिनिच येतं. तिथल्या वेधशाळेत ती शून्य रेखांशाची रेघ आहे, जी 1884 साली जगाने मान्य केली. आपली वेळ तिथून साडेपाच तास पुढे, पण उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून साडेचारच. घड्याळ माणसं हवं तसं फिरवतात, हे तिथे उभं राहून कळतं. आणि थेम्सला भरती-ओहोटी असते, दिवसातून दोनदा पाणी काही मीटर चढतं-उतरतं. जूनमध्ये आपल्या पैनगंगेत खडक बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हे फार नवलाचं वाटेल.

जेवणाचं थोडक्यात सांगते. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. ब्रिटनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, बर्फी, दूध पावडर घरीच ठेवा. खाकरे, मेतकूट, भाजलेले पोहे न्या. पाकिटावर 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं असलं तरी कांदा-लसणाची पूड असतेच, ती घटकांच्या यादीत शोधा. दही आणि गोळ्यांमध्ये जिलेटिन बघा. आणि मुख्य म्हणजे तिघी गेलात तर पाळ्या लावा. एकच जण पोळ्या लाटणार आणि बाकीच्या फोटो काढणार, असं नको.

मूर्तींबद्दल मात्र जरा थांबून सांगते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मध्य प्रदेशातल्या ग्यारसपूरची पार्श्वनाथांची पाषाणमूर्ती आहे, सुमारे तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीची. ब्रिटिश म्युझियममध्ये धारची अंबिका आहे, नेमिनाथांची यक्षी. तिच्या पायाशी इ.स. 1034 चा लेख आहे आणि त्यात अंबिकेचं नाव आहे. कित्येक वर्षं तिला सरस्वती मानलं गेलं आणि तो वाद अजून चालू आहे. दोन्ही संग्रहालयांत नेहमीच्या दालनांना तिकीट नाही. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर मूर्ती प्रदर्शनात आहे ना, कोणत्या दालनात आहे, ते बघून घ्या.

तिथे काय करायचं? ज्याची पूजा होत नाही त्याला नमस्कार कसा, असं एकीने विचारलं. मी म्हणते, मनातल्या मनात णमोकार म्हणावा, हात जोडावेत, लाजू नये. अक्षता मात्र टाकू नयेत, झाडणाऱ्याला त्रास. आपले भगवान त्या काचेच्या, दिव्यांच्या दालनात का आहेत याचा राग यायचा तर येऊ द्या. पण तो राग तिथे जाऊन, समोर उभं राहून येऊ द्या.

एक दिवस लेस्टरसाठी राखा. सेंट पँक्रस स्टेशनवरून गाडीने सव्वा तासाचा रस्ता. एका जुन्या चर्चचं 1988 मध्ये जैन केंद्र झालं. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी, सगळे एकाच छताखाली. आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात, शिरपूरला, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दाराला दोन पंथांच्या भांडणात 42 वर्षं कुलूप होतं, ते 2023 मध्ये उघडलं. मी आणखी काही लिहीत नाही. जाऊन बघा.

पैशाचं बोलायला हवं, शेवटी मी बी.कॉम. आहे. टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं की टीसीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरलं तरच परत मिळतो. आपल्यातल्या कितीतरी जणी विवरणपत्र भरत नाहीत, म्हणजे ती रक्कम गेलीच. शिवाय वर्षात परदेश प्रवासावर दोन लाखांहून जास्त खर्च केला, तर करपात्र उत्पन्न नसलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं. म्हणून खर्च स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यातून करा आणि पावत्या जपून ठेवा. "कागद मिस्टर बघतात" हे उत्तर मला चालत नाही. मंडळाच्या भिशीचा हिशेब आपण पैशापर्यंत जुळवतो.

चालणं झेपेल का, असं विचारणाऱ्या बहुतेकजणी शिखरजीची 27 किलोमीटरची वंदना करून आलेल्या आहेत, त्यामुळे त्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. दुसरा प्रश्न घरच्यांकडून येईल, आठवडाभर आमचं कसं होणार? शिखरजीला दहा दिवस गेलो होतो तेव्हा जसं झालं, तसंच.