दत्तकाचा दस्त

झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या साक्षीने दत्तक घेतला. तरीही डलहौसीने तो अमान्य करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. आज दत्तकाचा हक्क नाकारतात ते परके नव्हेत, घरचेच भाऊबंद. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात होमाची सक्ती नाही. मूल प्रत्यक्ष देणेघेणे मात्र अनिवार्य आहे. देणारा-घेणारा यांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालय दत्तक कायदेशीर मानते. दस्त नसल्यास वाटणीच्या वेळी त्या मुलालाच साक्षीदार हुडकत फिरावे लागते. नात्यातल्या व्यवहारात कागद कशाला, हा संकोच मुलाच्या मुळावर येतो. मूल मांडीवर घेताच दस्त नोंदविणे हे आईबापांचे पहिले कर्तव्य होय.