साक्ष द्यायची, पण संमती आपल्या हातात ठेवून

जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने नऊ आरोपींची निर्दोष मुक्तता केली. नगर जिल्ह्यातल्या कुणालाही हे प्रकरण नव्याने सांगावं लागत नाही. साक्षीदारांवर दबाव होता, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण डोळ्यांनी पाहिलेला माणूस गप्प का बसतो? बोललाच तर त्याला आठवतं ते कितपत खरं असतं? न केलेला गुन्हा एखादा कबूल का करतो? या प्रश्नांचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे फॉरेन्सिक सायकॉलॉजी, आपल्या सरकारी मराठीत न्यायसहायक मानसशास्त्र.

या शाखेचे अभ्यास आता मोबाइलवर येऊ लागले आहेत. कुणी पीएचडी करणारी विद्यार्थिनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकते: ‘वीस मिनिटांचा अभ्यास आहे, सहभागी व्हा.’ आपल्या वाचकांपैकी काहींनी मला विचारलं, ‘हे भरावं का? उद्या काही लफडं तर होणार नाही ना?’ माझं उत्तर आहे, भरावं. पण डोळे उघडे ठेवून.

आधी त्यात असतं काय, ते सांगतो. मी भरलेल्या एका अभ्यासात दीड मिनिटाची चित्रफीत होती. बसस्टँडवर एक माणूस बॅग उचलून निघून जातो. मग मधेच दहा मिनिटं आकड्यांची कोडी, म्हणजे लक्ष दुसरीकडे जावं. नंतर प्रश्न आणि शेवटी सहा चेहरे. वर स्पष्ट सूचना होती की, चोर या सहांत असेलच असं नाही. ही एक ओळ फार महत्त्वाची आहे. ती नसली, की माणूस सहांपैकी चोराशी जास्तीत जास्त मिळताजुळता चेहरा निवडून मोकळा होतो, मग खरा चोर त्यात असो वा नसो. पोलिसांच्या ओळख परेडमध्ये अशी सूचना का असावी, हे आज ठामपणे सांगता येतं, कारण हजारो सामान्य माणसांनी असे अभ्यास भरले.

प्रश्नातला एक शब्दही आठवण बदलतो. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग विचारला. ‘जोरात आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचा शब्द वापरला, तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आलं. ‘लागल्या तेव्हा’ असं विचारलं, तर सुमारे ३२. चित्रफिती त्याच होत्या. आता आपल्या बोलीचा विचार करा. गाडी घासली, लागली, ठोकली, उडवली. साक्षीदार घरी दखनी बोलतो, जबाब मराठीत लिहिला जातो आणि वरच्या कोर्टात तोच कागद इंग्रजीत जातो. या प्रवासात ‘लागली’चं ‘उडवली’ झालं, तर साक्षीदाराच्या आठवणीचं काय होतं? हे इंग्रजीतल्या प्रयोगातून कळणार नाही. त्यासाठी मराठी आणि दखनी बोलणाऱ्यांनीच उत्तरं द्यावी लागतील.

हा विषय पुस्तकी नाही. ७/११ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही दोषींची मुक्तता केली. त्यातल्या एकाचा २०२१ मध्येच तुरुंगात असताना मृत्यू झाला होता. शंभराहून जास्त दिवसांनी चेहरे ओळखणाऱ्या टॅक्सीचालकांच्या साक्षीवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. कबुलीजबाबही नाकारले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात न धाडता, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. कायद्याची ती लढाई कोर्टात चालेल. पण शंभर दिवसांपूर्वी एकदाच पाहिलेला चेहरा माणसाला किती आठवतो, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. स्फोटात गेलेल्यांच्या घरच्यांनाही त्याचं खरं उत्तर हवंच आहे, कारण चुकीचा माणूस पकडला गेला, तर खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

हे फक्त मुसलमानांचं दुखणं आहे, असंही समजू नका. महाराष्ट्रातल्याच २००३ च्या एका दरोडा-खून खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली होती. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्यांचा तपासच झाला नव्हता.

अशा चुका टाळण्याचं शास्त्र ज्यांच्या उत्तरांवर उभं आहे, त्यांत आपण किती? मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांचा आढावा घेणारा अमेरिकी संशोधक जेफ्री आर्नेट यांचा २००८ चा लेख सांगतो, की अभ्यासांत भाग घेणारे ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के. त्याच २००८ साली ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यावर माणसं येतात, कुणाच्या हातात बंदूक, कुणाच्या हातात साधी वस्तू. विद्यार्थ्यांनी झटपट ठरवायचं, गोळी झाडायची की नाही. मुस्लिम पद्धतीचं शिरोवस्त्र असलेल्यांवर जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. या संशोधकांनी चांगलं काम केलं, पूर्वग्रह मोजून दाखवला. तरी माझ्या मनात राहतं ते असं, की या शास्त्रात आपण पडद्यावर दिसतो, पडद्यासमोरच्या खुर्चीत क्वचितच असतो.

आता भीतीबद्दल. ती खोटी नाही. २०२० च्या सुरुवातीला नागरिकत्वाच्या वादात देशात अनेक ठिकाणी लोकांनी साध्या सरकारी सर्वेक्षकांनाही दारातून परत पाठवलं. ‘मानसशास्त्रीय चाचणी’ या शब्दांनाही आपल्याकडे वेगळा वास आहे. पुण्यात २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा झाली होती. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग कुणावरही बळजबरीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडणं हे घटनेच्या कलम २०(३) चा भंग आहे. तपासातली चाचणी आणि संशोधनातला अभ्यास यांतली रेषा इथेच आहे. खऱ्या अभ्यासात तुम्ही आरोपी नसता. ‘नको’ म्हणू शकता, अर्ध्यात उठू शकता, कारणही द्यावं लागत नाही.

पण संशोधनाच्या नावाखाली फसवणूकही होते. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण आठवा. स्वभाव ओळखण्याच्या प्रश्नावलीचं एक अ‍ॅप होतं. फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते फक्त ३३५ जणांनी घेतलं, पण मित्रांच्या यादीतून सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. म्हणून लिंक उघडल्यावर काही गोष्टी पाहायच्याच.

विचारणारा कोण? विद्यापीठ, विभाग, संशोधकाचं नाव आणि नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीचा उल्लेख पहिल्याच पानावर हवा. नाव विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन ताडून पाहा. वय, भाषा, शिक्षण विचारणं ठीक. आधार, ओटीपी, बँकेचा तपशील मागितला, की तिथेच बंद करा. कॅमेरा किंवा आवाज हवा असेल, तर त्याची वेगळी परवानगी मागितलेली असावी. सहभागासाठी पैसे मागणारा संशोधक नसतो.

माहिती कुठे ठेवणार, किती काळ, हे वाचा. निनावी उत्तरं एकदा पाठवली, की नंतर काढून घेता येत नाहीत, कारण तुमची कोणती हे त्यांनाच कळत नाही. गुप्ततेलाही मर्यादा असते. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पोक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. संशोधकही त्याला अपवाद नाही. वय अठराच्या खाली असेल, तर पालकांच्या संमतीशिवाय भरू नका. हिंसेचे वर्णन सहन होत नसेल, तर थांबा. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही चालू खटल्यात साक्षीदार असाल, तर आठवणीवरचे असे अभ्यास तूर्त टाळा. आठवणीवर परिणाम कसा होतो, हेच ते तपासतात. तुमची खरी आठवण कोर्टासाठी जपून ठेवा.

भरायला बसलात, तर समाजाचे वकील म्हणून बसू नका. ‘आपली प्रतिमा चांगली दिसावी’ म्हणून दिलेलं गोड उत्तर आपल्यालाच नडतं. पोलीस दिसल्यावर छातीत धस्स होत असेल, तर तसं लिहा. होत नसेल, तर तसंही लिहा. दुसऱ्या समाजाबद्दल मनात पूर्वग्रह असेल, तर तोही लपवू नका. चेहरा नाही आठवत, तर ‘नाही आठवत’ हेच बरोबर उत्तर आहे.

आणि लिंक इंग्रजीतच असेल, तर खाली दिलेल्या ईमेलवर दोन ओळी लिहा: हा अभ्यास मराठीत का नाही? नगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझी हीच विनंती आहे. तुमच्या प्रकल्पाचा विषय ठरवताना जवळच्या कोर्टाच्या आवारात एक दिवस बसा. जबाब कसा लिहिला जातो, साक्षीदार कुणाकडे बघून बोलतो, कुठे अडखळतो, ते पाहा. मग प्रश्नावली मराठीत तयार करा, मार्गदर्शकांना दाखवा, समितीची मंजुरी घ्या आणि आम्हाला पाठवा. भरणारे लोक मिळवून देण्याची जबाबदारी आमची.