दुसऱ्या पसंतीचे वावडे

मतदारास 'राजा' म्हणण्याची चाल आपल्या पुढाऱ्यांत जुनी आहे. पण या राजाच्या शहाणपणाविषयी त्यांचे खरे मत काय, हे पाहावयाचे असल्यास त्यांची भाषणे ऐकण्याचे कारण नाही. मतपत्रिका तेवढ्या पाहाव्यात. आमदार जेव्हा राज्यसभेसाठी किंवा विधानपरिषदेसाठी मत देतो, तेव्हा उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालून आपली पसंती क्रमाने सांगण्याचा त्यास अधिकार असतो. पदवीधरास तो आहे, शिक्षकास आहे. मात्र घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी नगरपंचायतीसाठी जो मत देतो, त्याने एक बटन दाबावे आणि बोटाची शाई वाळवीत घरी जावे, असा नियम आहे. हा भेद सोयीचा आहे असे सांगण्यात येते. सोयीचा तो आहेच. प्रश्न इतकाच की कोणाच्या सोयीचा.

घनसावंगी हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. पूर्वी अंबड तालुक्यात मोडणारे, १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेले आणि १९८१ साली जालना जिल्हा झाल्यापासून त्यात असलेले हे गाव. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच तालुक्यात आहे, म्हणून बाहेरच्या लोकांस नाव थोडेफार ठाऊक असते. नगरपंचायतीचे प्रभाग १७, आणि प्रत्येक प्रभागातून सदस्य एक. मतदार इतके थोडे की उमेदवाराने मनात आणले तर तो प्रत्येक उंबऱ्यावर दोनदा जाऊन येईल. येथे उमेदवार म्हणजे फलकावरचे चित्र नव्हे; तो शेजारी असतो, सोयरा असतो, दुकानदार असतो, देणेकरी किंवा घेणेकरी असतो. नळास पाणी किती दिवसांनी यावे, नाली कोणाच्या दारापर्यंत जावी, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव चढावे, यांसारख्या गोष्टी या सदस्याच्या शब्दाने हलतात. दिल्लीच्या सरकारापेक्षा याच माणसाशी गृहिणीचा संबंध अधिक येतो. अशा ठिकाणी मतदारास प्रत्येक उमेदवाराविषयी काही ना काही मत असतेच: हा उत्तम, तो चालेल, आणि अमका कदापि नको. या तीन निर्णयांपैकी कायदा एकच ऐकून घेतो आणि उरलेले दोन त्याच्याच पदरात परत टाकतो.

याचा परिणाम काय होतो तो एका कल्पित प्रभागावरून पाहू. समजा, सहाशे मते पडली. ठेकेदारीवर पोसलेल्या एका उमेदवारास २४० मिळाली. त्याच्या कारभारास विटलेल्या लोकांची मते दोघांत विभागली. एकास २००, दुसऱ्यास १६०. ठेकेदार निवडून आला. सहाशेंपैकी ३६० लोकांनी त्यास नाकारले, तरी गुलाल त्याच्याच कपाळी. आता तिसऱ्या उमेदवाराच्या १६० मतदारांस कोणी विचारले असते, की तुमचा माणूस नाही तर मग कोण, आणि त्यांपैकी १२० जणांनी दुसऱ्याचे नाव सांगितले असते व ४० जणांनी ठेकेदाराचे, तर निकाल ३२० विरुद्ध २८० असा उलट लागला असता. पसंतीक्रमाच्या मतदानात याहून अधिक गूढ असे काही नाही. सर्वांत मागे राहिलेला उमेदवार बाद करावयाचा आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीप्रमाणे वाटावयाच्या. निम्म्याहून अधिक मते कोणास तरी मिळेपर्यंत हेच करीत राहावयाचे.

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपल्याकडे निवडणुकीच्या आधीपासूनची. पण एका मताच्या पद्धतीने या लाभाचा रोजगार करून टाकला आहे. प्रतिपक्षाच्या आळीतला, त्याच्याच भावकीतला, जमल्यास त्याच्याच नावाचा एखादा माणूस उभा करावा, त्याचा खर्च गुपचूप सोसावा आणि त्याने शंभर मते खावीत, ही युक्ती गावोगावी इतकी रुळली आहे की अशा उमेदवारास 'मते खाणारा' हे नाव लोकांनीच दिले. उलट, जो खरोखर काही काम करू इच्छितो, त्यास हितचिंतक म्हणवणारेच सांगतात की, बाबा, तू उभा राहू नकोस, तुझ्यामुळे नको तो निवडून येईल. म्हणजे खोट्या उमेदवारास बक्षीस आणि खऱ्यास धाक. दुसरी पसंती मोजली जाऊ लागली तर मते खाणाऱ्याचे पोट रिकामे राहील, कारण त्याने खाल्लेले मत बव्हंशी पुन्हा मूळ धन्याकडे जाईल.

ही मतविभागणी केवळ गल्लीपुरती नाही. घनसावंगी विधानसभा मतदारसंघात २०१९ साली श्री. राजेश टोपे हे श्री. हिकमत उढाण यांच्यावर ३,४०९ मतांनी विजयी झाले. २०२४ साली त्याच श्री. उढाणांनी त्याच श्री. टोप्यांस २,३०९ मतांनी हरविले. दुसऱ्या वेळी उरलेल्या उमेदवारांस मिळालेली मते या अंतराच्या कितीतरी पट होती आणि विजयी उमेदवारास निम्मी मते मिळालेली नव्हती. दोघांपैकी कोण यावयास हवे होते याविषयी आम्हांस काहीही म्हणावयाचे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, या दोघांत निवड करा असे उरलेल्या हजारो मतदारांस कोणी विचारलेच नाही. ते काय बोलले असते ते त्यांस ठाऊक.

आता विरुद्ध पक्षाचा मुख्य आक्षेप. लोक अडाणी आहेत, त्यांस क्रम लावता येणार नाही, असे म्हणतात. या आक्षेपामागे एक मोठे नाव आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तीस विरोध केला. त्यांचे एक कारण असे होते की, या पद्धतीस मतदार निदान आकडे ओळखण्याइतका तरी साक्षर असावा लागतो आणि त्या काळचा बहुसंख्य मतदार तसा नव्हता. कारण रास्त होते. पण ते त्या काळच्या वस्तुस्थितीवर उभे होते, मतदाराच्या जातिस्वभावावर नव्हे. आज घनसावंगीच्या आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई दहा आकड्यांचा दूरध्वनी क्रमांक पाठ म्हणते, मोबाइलवर पैसे आले की नाही ते आकडा पाहून ताडते, आणि तीस एक, दोन, तीन लिहिता येणार नाहीत असे आम्ही मानावे! डॉक्टरांचे दुसरे कारण सरकारच्या स्थैर्याविषयी होते. ते संसदेस लागू पडत असेल, पण एका प्रभागातून एकच सदस्य निवडावयाचा असता त्याचा काही संबंध उरत नाही.

शिवाय या अडाणीपणाची गंमत अशी की तो पदाबरोबर नाहीसा होतो. नगरपंचायतीचा सदस्य स्वतः एका बटनावर निवडून येतो. पण विधानपरिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाची निवडणूक लागली की त्याच सदस्याच्या हाती जांभळ्या शाईचा पेन देतात आणि पसंतीक्रम लिही म्हणतात. काल जो शेजाऱ्यांच्या रांगेत उभा राहून क्रम लावण्यास नालायक होता, तो गुलाल लागताच लायक झाला. शिक्षकाचेही तसेच. शिक्षक मतदारसंघात तो आकडे घालतो. आपल्या प्रभागात आला की अडाणी होतो.

आणि आमदारांनी ही विद्या किती उत्तम आत्मसात केली आहे! १० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी श्री. संजय पवार यांस पहिल्या पसंतीची ३३ मते होती आणि श्री. धनंजय महाडिक यांस २७, तरीही श्री. महाडिक निवडून आले, कारण त्यांच्या पक्षाने पहिल्या दोन उमेदवारांस प्रत्येकी ४८ मते देऊन त्यांच्या जादा मतांचा ओघ दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे वळविला होता. अपूर्णांकापर्यंतचे हे गणित ज्या विधानभवनात बसते, तेथूनच आम्हांस सांगण्यात येते की पसंतीक्रम फार किचकट. राष्ट्रपतिपदाची १९६९ ची निवडणूकही अशीच. पहिल्या मोजणीत कोणासही पुरेशी मते नव्हती. तिसऱ्या क्रमांकावर आपले चिंतामणराव देशमुख होते. पुढच्या पसंतीची मते वाटल्यानंतर श्री. वराहगिरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतमूल्याने श्री. संजीव रेड्डींवर विजयी झाले. देशाचा राष्ट्रपती ज्या रीतीने निवडावा, त्या रीतीने नालीची व्यवस्था पाहणारा सदस्य निवडता येत नाही, हे तर्कशास्त्र आम्हांस उमगलेले नाही.

याहूनही आधीची एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी सारे पक्ष मौन पाळतात. मतदारापुढे उमेदवार येतात तेच मुळी गाळून आलेले असतात. 'एबी फॉर्म' नावाचा कागद ज्याच्या खिशात, तो पक्षाचा उमेदवार. आणि हा कागद शेवटच्या दिवशी, मुदत संपता संपता, पुढाऱ्याच्या बंगल्यावरून निघतो. प्रभागातल्या पक्षाच्या माणसांस कोणी विचारीत नाही. मग बंडखोरी, मग मनधरणी, मग माघार. आणि माघार न घेणारा पुन्हा मते खाणारा ठरतो. उमेदवार ठरविण्यासाठीच मतदारांचे आधी मत घ्यावे, ही कल्पना परकी असल्याचे जे सांगतात त्यांनी येरवड्यास झालेला पुणे करार आठवावा. सप्टेंबर १९३२ च्या त्या कराराने राखीव जागांसाठी दलित मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत प्रत्येक जागेस चार उमेदवार निवडावेत व त्यांतून एक सर्व मतदारांनी मिळून निवडावा, असे ठरले आणि १९३७ च्या निवडणुकीत ते अमलातही आले. निजामाच्या राज्यातल्या घनसावंगीस तो करार अर्थातच लागू नव्हता. त्याची व्यवस्था निर्दोष होती असेही नाही: दलित मतदारांनी ज्यास चौथा ठेवले तोच इतरांच्या मतांनी निवडून येऊ शके, कारण त्यांनी लावलेला क्रम पुढे कोणी मोजीतच नसे. पण समाजातल्या सर्वांत गांजलेल्या वर्गास त्या काळी उमेदवार निवडता येतो असे मानले गेले, आणि आज नव्वद वर्षांनंतर महाराष्ट्रातल्या एकाही मतदारास तो हक्क नाही, ही प्रगती कोणत्या दिशेची?

न्यूयॉर्क शहराने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आहेत. तेथे पक्षाचा उमेदवार त्या पक्षाचे नोंदलेले मतदार ठरवितात, आणि २०१९ च्या जनमताने त्या प्राथमिक निवडणुकीत पाच नावांपर्यंत क्रम लावण्याची पद्धत आली. क्वीन्ससारख्या विभागात, जेथे बंगाली भाषेतही मतपत्रिका पुरवाव्या लागतात, तेथेही लोक ती भरतात. जून २०२५ मध्ये महापौरपदाच्या उमेदवारीसाठी झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर हे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांच्या मतदारांस सांगत फिरले की, माझ्यानंतर याचे नाव लिहा. ममदानींची पहिल्या पसंतीची सुमारे ४३ टक्के मते शेवटच्या फेरीत ५६ टक्क्यांवर गेली. आपल्याकडे एका प्रभागातले दोन उमेदवार प्रचाराच्या पंधरवड्यात एकमेकांच्या लग्नासही जात नाहीत. ज्याच्या मतदाराची दुसरी पसंती हवी आहे, त्याच्या आईबापांचा उद्धार करणे महाग पडते, हे त्यांस कळले तर बरेच होईल.

त्याच शहरात २०२१ साली मोजणीत सुमारे १,३५,००० चाचणीच्या मतपत्रिका चुकून मिसळल्या गेल्या आणि मोठी नाचक्की झाली. तो दोष यंत्रणेच्या बेफिकिरीचा होता. आमच्या प्रभागातल्या पाच-सहाशे कागदांची मोजणी हाताने जेवणापूर्वी होते. आम्हांस खरी भीती निराळीच वाटते. मत विकत घेणाऱ्यास आज पावती मिळत नाही. पाच उमेदवारांचे जितके वाटतील तितके क्रम लावू दिले, तर मतपत्रिका भरण्याचे सव्वातीनशे प्रकार होतात; खरेदीदार प्रत्येक घरास एक वेगळा क्रम नेमून देईल आणि मोजणीच्या टेबलापाशी बसून आपला माल तपासून घेईल. लहान प्रभागात हे सहज शक्य आहे आणि पसंतीक्रमाच्या पुरस्कर्त्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. म्हणून तीनच पसंत्या द्याव्यात. प्रकार ८५ वर येतात आणि प्रत्येक प्रकाराचे कागद अनेक निघतात. उरलेला पैशाचा रोग या औषधाने बरा होणार नाही. तो दावा आम्ही केलेला नाही.

कायद्याची अडचण म्हणाल तर ती नाही. संविधानाच्या २४३ आर कलमाने नगरपालिकेचे सदस्य प्रभागांतून थेट निवडले जावेत एवढे सांगितले आहे. निवडणुकीविषयी तरतूद करण्याचा अधिकार २४३ झेडए कलमाने राज्याच्या विधिमंडळास दिला आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात दुरुस्ती पुरे. आणि या कायद्यास हात लावण्याची विधिमंडळास भीड वाटते असेही नाही: नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा असे २०१६ साली ठरले, २०२० साली ते मोडले, २०२२ साली पुन्हा आले. ज्याची सत्ता त्याच्या गणिताप्रमाणे कायदा वाकला. मतसंख्या समसमान झाली तर अजून ईश्वरचिठ्ठी काढतात. मुंबईत २०१७ साली एका प्रभागात दोन उमेदवारांस प्रत्येकी ५,९४६ मते पडली तेव्हा निकाल चिठ्ठीनेच लागला. दुसरी पसंती विचारण्यापेक्षा ईश्वरास विचारणे या कायद्यास सोपे वाटते.

घनसावंगीसह राज्यातल्या नगरपंचायतींसाठी मतदान २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशा दोन हप्त्यांत झाले, कारण आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात ऐन वेळी आला. ऐन वेळी काही होत नाही, हे सरकारचे नेहमीचे उत्तर असते. तेव्हा आमची मागणी ऐन वेळेची नाही. प्रभागरचनेची अधिसूचना निघण्यापूर्वी ही दुरुस्ती विधिमंडळापुढे यावी. निदान तालुक्याच्या गावच्या नगरपंचायतींपुरती, जेथे कागदी मतपत्रिका छापावयास फारसा खर्च नाही आणि मोजावयास एक दुपार पुरते. विरोध करणाऱ्या आमदारांनी सभागृहात उभे राहून आपले कारण सांगावे, आणि ते सांगताना राज्यसभेच्या मतदानाच्या दिवशी आपल्या हाती कोणत्या रंगाचा पेन होता तेही सांगावे.