खाडीतील पाहुणे आणि आमची नोंदवही

मुंबईत पावसाळा सुरू झाला की वृत्तपत्रांना विषयांची वाण पडत नाही. तुंबलेले रस्ते, रखडलेल्या लोकल गाड्या आणि कोसळलेल्या भिंती यांनी पहिले पान भरून जाते, आणि आतल्या एखाद्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी असते की, ठाण्याच्या खाडीत अद्याप काही रोहित पक्षी मुक्कामास आहेत. ही कोपऱ्यातील बातमी आम्ही आज पहिल्या पानावर घेत आहोत याचे काही वाचकांस नवल वाटेल. महानगराच्या चिंता काय थोड्या आहेत म्हणून संपादकांनी पाखरांची हजेरी घेत बसावे, असेही कोणी म्हणेल. म्हणोत. परंतु ही हजेरी कोणीच घेतली नाही, तर खाडीकाठच्या जमिनीचा निवाडा ज्या कागदांवर होतो, त्या कागदांत पाखरांच्या बाजूने एक ओळही उरत नाही.

रोहित, ज्यांस अग्निपंख असेही म्हणतात, १९९० नंतरच्या दशकात शिवडीच्या चिखलात मोठ्या संख्येने दिसू लागले. हिवाळ्याच्या तोंडी यावे, खाडीतील सूक्ष्म शेवाळावर पुष्ट व्हावे आणि मेअखेरीस वा जूनच्या पहिल्या पावसाबरोबर विणीसाठी कच्छच्या रणाकडे निघून जावे, असा त्यांचा सर्वसाधारण परिपाठ आहे. मागे राहतात ती बहुधा विणीच्या वयास न आलेली, पुरता रंगही न चढलेली पाखरे. तेव्हा जूनमधील रोहित हा चमत्कार नव्हे. पण मग 'उशीर' कशास म्हणावयाचे? मुंबईस मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनला पोचतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन धडकला. त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात खाडीत उभा असलेला पक्षी रेंगाळला म्हणावा, की पाऊसच घाईने आला म्हणावा? या प्रश्नाचे उत्तर एका वर्षाच्या पाहणीतून मिळत नाही. त्यासाठी कोणीतरी चाळीस-पन्नास वर्षे निमूटपणे तारखा लिहून ठेवाव्या लागतात. सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टी येथील पक्ष्यांविषयी १९३६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात जी लेखमाला लिहिली, तिचे मोल आज वाढले आहे ते याच कारणाने. कोणता पाहुणा केव्हा येतो आणि केव्हा जातो हे त्यांनी मांडून ठेवले, म्हणून आज कोणाचा मुक्काम लांबला हे आपणांस कळते.

येथे आमच्या शिक्षकी पेशातील एक अपराध कबूल करणे प्राप्त आहे. सातवीच्या मुलांना आम्ही निसर्गनिरीक्षणाची वही ठेवावयास लावीत असू. एका मुलाने मे महिन्यातील तारीख घालून लिहिले की, शाळेच्या मैदानावर शेपटी हलवीत धोबी पक्षी चालताना दिसला. धोबी एप्रिलअखेर उत्तरेकडे परततात असे आमच्या पुस्तकात होते. आम्ही तांबड्या शाईने त्या ओळीवर फुली मारली. मैदान वर्गाच्या खिडकीतून दिसत होते, परंतु उठून पाहण्याचे आम्हांस सुचले नाही. आता वाटते, तो उशिरा राहिलेला पाहुणा असेल, अथवा बारमाही येथेच राहणारा मोठा काळापांढरा धोबीही असेल. भुवई पांढरी होती का, पाठ काळी होती की राखी, एवढे दोन प्रश्न विचारले असते तर काम भागले असते. त्या मुलाने पुढे वहीत पुस्तकातलेच पक्षी, पुस्तकातल्याच महिन्यांत लिहिले आणि आम्ही त्यास पैकीच्या पैकी गुण दिले!

अर्थात संशय हा नेहमीच अपराध असतो असे नव्हे. रानपिंगळ्याची कथा याच्या अगदी उलट आहे. या छोट्या घुबडाचे नमुने १८८४ पर्यंत मिळत होते. त्यानंतर कर्नल मायनर्टझहागेन या बड्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने गुजरातेतील मांडवीजवळ १९१४ मध्ये एक मिळविल्याची नोंद केली, आणि त्या नोंदीवर विश्वासून शोधकांनी नको तेथे पायपीट केली. पुढे उघडकीस आले की, तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला, लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला होता. ती खोटी नोंद बाजूस सारून पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी डेव्हिडसनच्या जुन्या मुलखात गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याच्या परिसरात रानपिंगळा जिवंत सापडला. २०१४ मध्ये तो तानसाच्या अभयारण्यात आढळला. ज्या तानसाचे पाणी मुंबईकर रोज पितात, तेच हे तानसा. एका कर्नलच्या नोंदीस कोणी शंका विचारली नाही, एका शाळकरी मुलाच्या नोंदीस कोणी शंकेचा फायदा दिला नाही. दोन्हीकडे नोंदीऐवजी माणसाची पायरी पाहिली गेली.

आज परिस्थिती काहीशी सुधारली आहे. ई-बर्डसारख्या नोंदणीत अवेळी अथवा दुर्मीळ पक्षी कळविला की परीक्षक स्वयंसेवक वर्णन आणि छायाचित्र मागतात. कर्नल असो वा विद्यार्थी, प्रश्न तेच. खेद आहे तो पुढच्या पायरीचा. अशा तपासलेल्या नोंदी ज्यांनी वाचाव्यात, ते वाचीत नाहीत.

ठाणे खाडीचा पश्चिम काठ २०१५ मध्ये रोहितांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. उत्तम झाले. परंतु अभयारण्याची हद्द भरतीस ठाऊक नाही. ओहोटीत पक्षी उघड्या चिखलावर चरतात. भरतीचे पाणी चढले की त्यांना उथळ तळी आणि मिठागरे यांवर टेकावे लागते, आणि अशा जागांपैकी कित्येक नवी मुंबईच्या बाजूस, अभयारण्याच्या बाहेर आहेत. दिवसातून दोनदा लागणारी ही जागा बुजवली तर चिखल कितीही राखला तरी उपयोग काय? २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तळ्याकाठी रोहित मरून पडलेले आढळले, आणि तळ्यात भरतीचे पाणी आणणाऱ्या वाटा बुजल्याची तक्रार झाली. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून सुमारे चाळीस रोहित लोकांच्या अंगणांत पडले. या दोन घटनांचा संबंध जोडण्याची घाई आम्ही करणार नाही. मात्र एखादी पाणथळ जागा चार दिवसांच्या पाहणीत रिकामी दिसली म्हणून ती 'निरुपयोगी' ठरविणारा अहवाल भरतीच्या वेळी लिहिला की ओहोटीच्या, मार्चमध्ये की जुलैमध्ये, हे विचारण्याचा नागरिकांस पूर्ण अधिकार आहे. असा अहवाल स्वीकारण्यापूर्वी त्या जागेच्या गेल्या दहा वर्षांच्या पक्षिनोंदी, महिन्यावार, त्यास जोडण्याची सक्ती शासनाने करावी. त्या तयार आहेत. त्यांस खर्चही पडत नाही.

आणि आमच्या वाचकांपैकी जे सकाळी भांडुप, ऐरोली वा शिवडीकडे दुर्बीण घेऊन जातात, त्यांस एक विनंती. येत्या जूनमध्ये खाडीत रोहित दिसले तर संख्या, स्थळ आणि तारीख यांबरोबर भरतीची वेळही लिहावी. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ती हटकून राहून जाते.